जास्त रनिंग झालेली सेकंडहँड हायब्रिड घ्यावी का? (ठाणे–नवी मुंबई)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. नेरूळच्या एका गृहस्थांची टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) विकायला आहे. फेब्रुवारी २०१९ची, एमएच-४३ पासिंग, पहिलाच मालक, रनिंग १ लाख ४८ हजार किलोमीटर. अठरा लाख सांगताहेत, थोडे खाली येतील. हेच मॉडेल जानेवारी २०१९मध्ये आलं तेव्हा शोरूम किंमत ३७ लाखांच्या घरात होती, त्यामुळे मोह होतोय हे खरं.

माझा रोजचा रस्ता कासारवडवली ते ऐरोली. घोडबंदर रोडबद्दल इथे कुणाला सांगायला नको, मानपाडा ते माजिवडा कधी किती वेळ लागेल याचा नेम नाही. चिपळूणच्या फेऱ्या धरून महिन्याला साधारण १२०० किलोमीटर होतात. आताची पेट्रोल सेडान या ट्रॅफिकमध्ये ११च्या वर ॲव्हरेज देत नाही.

घरच्यांच्या मते दीड लाखाला टेकलेली गाडी म्हणजे उतारवयाला लागलेली गाडी. ओळखीचा मेकॅनिक हायब्रिडला हात लावत नाही. बॅटरी गेली तर मेलात, एवढं जो तो सांगतो. पण बॅटरी कशामुळे जाते, आणि ती जायला आली आहे हे घेण्याआधी कळतं का, याचं उत्तर कुणाकडून मिळत नाही. ज्यांनी अशी गाडी वापरली किंवा तपासली आहे त्यांनी जरूर लिहा.

खारघर_टेकडी
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. त्या पैशांत थोडी भर घातली तर टोयोटाची नवीन हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड व्हिटारा हायब्रिड येते. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी. दुसऱ्याने वापरून सोडलेली मोठी गाडी घेऊन तिचे टायर, सस्पेन्शन, विमा हे सगळं मोठ्या गाडीच्या भावाने भरत बसण्यापेक्षा नवी लहान गाडी बरी. स्वस्त मिळाली म्हणून मोठी गाडी घेणारे पहिल्या मोठ्या बिलाला तिला विकायला काढतात, असं मी आजूबाजूला पाहतो.

वाशीची_मीनल
मी होंडा सिटीची हायब्रिड वापरते, वाशी ते ठाणे रोज. हीसुद्धा सेकंडहँडच घेतली. ट्रॅफिकबद्दल लिहिते, कारण घोडबंदरवाल्यांना तेच लागणार.

विटाव्याला रेल्वेपुलाखाली गाड्या तुंबतात तेव्हा इंजिन बंद असतं आणि एसी चालू असतो. एसीचा काँप्रेसर बॅटरीवर चालतो, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, थोडा वेळ चार्ज करतं आणि परत बंद. साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज जिथे सगळ्यात वाईट, तिथे ही सगळ्यात चांगली चालते. उलट एक्सप्रेसवेवर १००-११०ने सलग हाणली तर फरक बराच कमी होतो. त्यामुळे ज्याचा रोजचा रस्ता मोकळा त्याने हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. कासारवडवली ते ऐरोली हा रस्ता मात्र हायब्रिडचाच आहे.

एक तक्रार. बॅटरीने डिकी खाल्ली आहे, ३०६ लिटरच उरली आहे. गावाला जाताना तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या एकत्र बसत नाहीत.

तुर्भे_इन्व्हर्टर
पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करतो आणि घरी दहा वर्षांहून जुनी हायब्रिड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दीड लाख हा आकडा ऐकून घाबरू नका. आपण रनिंगला घाबरतो कारण साध्या गाडीत रनिंगबरोबर क्लच प्लेट जाते, गिअरबॉक्स जातो, स्टार्टर, अल्टरनेटर जातात. टोयोटाच्या या पद्धतीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. दोन मोटर-जनरेटर आणि इंजिन एका प्लॅनेटरी गिअरला जोडलेले असतात. नावात सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलं तरी साध्या सीव्हीटीसारखा घासणारा पट्टा आत नाही. ब्रेक दाबला की आधी मोटर गाडी थोपवते आणि ती ऊर्जा बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक पॅड खूप टिकतात.

आता बॅटरी. या कॅमरीत निकेल-मेटल हायड्राइड पॅक आहे. ६ सेलचं एक मॉड्यूल, अशी ३४ मॉड्यूल, म्हणजे २०४ सेल, मिळून साधारण २४५ व्होल्ट. मोबाईल आपण शंभर टक्के भरतो आणि शून्यापर्यंत उतरवतो. ही बॅटरी गाडीचा संगणक मधल्या पट्ट्यातच खेळवत ठेवतो, कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण उतरू देत नाही. म्हणून ती इतकी वर्षं काढते.

तिचे शत्रू दोन. पहिला उष्णता. पॅकला गार ठेवायला एक पंखा असतो आणि तो केबिनमधली हवा ओढतो. हवा आत जायची जाळी मागच्या सीटपाशी असते. तिथे धूळ, केस, कुत्र्याची लव, शेंगदाण्याची सालं असं काहीही अडकतं. कुणी त्या जाळीला टेकून बॅग ठेवतं. पंखा फिरतो, हवा मिळत नाही, मधले सेल तापतात. पॅकमध्ये मधले सेल आधी कमजोर होतात ते याच कारणाने, कडेच्या सेलना तरी थोडी हवा लागते.

दुसरा शत्रू नुसतं उभं राहणं. सात वर्षांत तीस हजार चाललेली, महिनोन्‌महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली हायब्रिड मी दीड लाख चाललेल्या गाडीच्या आधी नाकारेन. पडून राहिलेल्या पॅकमधले सेल एकमेकांपासून लांब जातात, काही जास्त उतरतात, काही कमी. रोज चालणाऱ्या गाडीत ते बरोबरीने राहतात. जाहिरातीत 'कमी रनिंग' वाचून धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खारघर_टेकडी
माहिती चांगली आहे, पण बॅटरी शेवटी संपणारच. आणि आता तर म्हणे फक्त खराब मॉड्यूल बदलून देतात, थोडक्यात काम होतं. मग विक्रेता तेच करून गाडी विकणार नाही कशावरून?

तुर्भे_इन्व्हर्टर
अगदी रास्त शंका आहे, आणि असं होतं. एक-दोन मॉड्यूल बदलली की डॅशबोर्डवरचा दिवा जातो. बाकीची मॉड्यूल मात्र त्याच वयाची असतात, काही महिन्यांनी पुढचं जातं, मग त्याच्या पुढचं. म्हणून बॅटरीचं काम कधी झालंय का, झालं असेल तर पूर्ण पॅक बदलला की तुकड्यांत, हे बिलासकट विचारायचं. बिल नसेल तर काम तुकड्यांत झालंय असं धरून चालायचं.

वॉरंटीबद्दल एक गोष्ट घोडबंदरकरांनी नीट वाचा. टोयोटाने कॅमरीच्या बॅटरीची वॉरंटी ३ वर्षं / १ लाखवरून ८ वर्षं / १ लाख ६० हजार किलोमीटर केली ती १ ऑगस्ट २०२१पासून. तुमची गाडी फेब्रुवारी २०१९ची. विक्रेता 'अजून वॉरंटीत आहे' म्हणाला तर तेवढ्यावर विसंबू नका, चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. त्याच फेरीत नवीन पॅकचं कोटेशनही लेखी मागा. इंटरनेटवरच्या आकड्यावर सौदा करू नका.

वागळेचा_वायरमन
वागळे इस्टेटमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. आमच्याकडे येतात त्या गाड्यांवरून सांगतो.

सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की घुर्रर्र असा बारीक आवाज येईल. तो ब्रेकचा पंप. एकदा येऊन थांबला तर ठीक. गाडी उभी असताना, ब्रेक न दाबता, तोच आवाज थोड्या थोड्या वेळाने परत परत येत असेल तर ब्रेकचा दाब टिकत नाही. ते काम खर्चिक आहे. लोक बॅटरी बॅटरी करतात आणि हे विसरतात.

मग चालू करा. इंजिन लगेच लागेलच असं नाही, 'रेडी' दिवा लागला म्हणजे गाडी चालू. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा लागताना काही सेकंद जोरात थरथरलं तर कूलंट बघा, कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागातल्या सीलचा) संशय घ्या. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी व्यवस्था) कार्बनने तुंबून हे दुखणं जगभर निघालं होतं. कॅमरीचं इंजिन वेगळं आहे, तरी तपासणीला पैसे पडत नाहीत.

एसीचा गॅस नाक्यावरच्या दुकानात भरून घेतलाय का हे विचारा. हायब्रिडच्या काँप्रेसरला वेगळं इन्सुलेशनवालं तेल लागतं, एनडी-११. साध्या गाडीचं तेल घातलं की हाय व्होल्टेजची गळती सुरू होते आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो.

डिकीत एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम पेटतात आणि माणूस समजतो मोठी बॅटरी गेली. आधी ती तपासा. काही विक्रेते याच गोंधळात घाबरून गाडी कमी पैशात देतात, आणि काही घेणारे विनाकारण पळून जातात.

केशरी वायरला, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या वायरला, स्वतः हात लावायचा नाही. दोनशेच्या वर व्होल्ट आहेत तिथे. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढल्यावरसुद्धा कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि हातात हजार व्होल्टचे रबरी मोजे पाहिजेत. सेकंडहँड पॅक स्वस्तात बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हातात मोजे नसतील तर गाडी तिथून बाहेर काढा.

वाशीची_मीनल
वायरमनदादा, पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखायची तेही लिहा ना. २२ जुलै २०२१ला चिपळुणात गाड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तशी गाडी धुऊन पुसून कुठेही विकायला येऊ शकते.

वागळेचा_वायरमन
ताई, बरोबर आठवण केलीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत, पूर्ण बाहेर ओढायचा. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळीच्या आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीट मागे सरकवून खालच्या रुळांवर गंज बघायचा. डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवायचा, कोपऱ्यात बारीक रेती लागते. या कॅमरीचा पॅक मागच्या सीटखाली आहे, म्हणजे केबिनमध्ये सीटपर्यंत पाणी आलं असेल तर ते पॅकपर्यंत गेलंच. अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

नेरूळ, सीवूड्स खाडीकाठ आहे. दमट खारी हवा. पॅकमधल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि बॅटरी चांगली असून बिघाड दाखवते. पॅक उघडून पट्ट्या साफ केल्या की कित्येक वेळा काम होतं. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा. पावसाळ्यात आमच्याकडे ते काम सगळ्यात जास्त येतं.

घोडबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं. दोन प्रश्न. बॅटरीची तब्येत आकड्यांत कशी बघायची? आणि ट्रायल कुठे घ्यावी? मालक पाम बीच रोडवर चक्कर मारू म्हणतात.

तुर्भे_इन्व्हर्टर
पाम बीचवर कुठलीही गाडी छान चालते. सपाट, मोकळा रस्ता. बेलापूरला पारसिक हिलवर घेऊन जा. चढताना बॅटरी किती भराभर उतरते आणि उतरताना किती भराभर भरते ते स्क्रीनवरच्या काड्यांवर बघा. थकलेल्या पॅकची खूण हीच की तो पटकन भरतो आणि पटकन रिकामा होतो. चांगल्या पॅकच्या काड्या सावकाश हलतात. दुपारी, एसी लावून, चार माणसं बसवून जा. मागच्या सीटवरच्या माणसाने पंख्याचा आवाज ऐकायचा. थोड्याशा चढाला पंखा मोठ्याने घोंगावत असेल तर पॅक तापतोय.

आकड्यांसाठी ब्लूटूथचा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) आणि डॉ. प्रियस नावाचं ॲप वापरा. पॅकमधल्या मॉड्यूलच्या जोड्या केलेल्या असतात, १७ ब्लॉक. प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं दिसतं. उभ्या गाडीवर सगळे सारखेच दिसणार, ते बघून निष्कर्ष काढू नका. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना बघा. सगळे ब्लॉक हातात हात घालून खाली जात असतील तर चांगलं. एकच ब्लॉक सारखा मागे पडत असेल आणि फरक एका व्होल्टच्या पुढे जात असेल तर तो जाणार.

पी०ए८० हा बिघाडाचा कोड आला असेल तर पॅक बदलायची सूचना आहे. कोड पुसलेला असू शकतो, म्हणून स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारे) बघा. ते बरेचसे 'अपूर्ण' दाखवत असतील तर नुकतंच कुणीतरी सगळं पुसलंय, किंवा १२ व्होल्टची बॅटरी काढून लावलीय. त्या दिवशी सौदा करायचा नाही, आठवडाभर गाडी चालू द्या म्हणायचं आणि परत तपासायची.

खारघर_टेकडी
बरं, पैशांचं तरी कुणीतरी मांडा.

तुर्भे_इन्व्हर्टर
पेट्रोल लिटरला १०३च्या पुढेमागे धरतो. महिना १२०० किलोमीटर. ११च्या ॲव्हरेजने १०९ लिटर, साधारण ११,२०० रुपये. कॅमरीचा कंपनीचा आकडा २३.२७ आहे, पण तो सोडून द्या, घोडबंदरला एसी लावून १८ धरा. ६७ लिटर, साधारण ६,९००. महिन्याला चार हजारांच्या वर, वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास वाचतात. हे पैसे खर्चायचे नाहीत, वेगळ्या खात्यात टाकायचे, तो बॅटरीचा निधी. ज्याचं रनिंग महिन्याला तीन-चारशे किलोमीटर आहे त्याच्यासाठी हे गणित बसत नाही आणि वर सांगितलं तसं गाडी उभी राहून बॅटरीही बिघडते. अशाने साधी पेट्रोल गाडी घ्यावी.

खारघर_टेकडी
हे पटलं. नव्या लहान गाडीबद्दलचं माझं मत कायम आहे, पण १२०० किलोमीटर आणि हा रस्ता असेल तर विचार करण्याजोगं आहे.

घोडबंदरकर
वायरमनदादांना बरोबर घेऊन नेरूळला जाऊन आलो. त्यांनी दुकान बंद ठेवून वेळ दिला, त्याबद्दल इथे जाहीर आभार.

सगळी सर्व्हिस अधिकृत केंद्रात झालेली आहे. गाडीच्या नंबरावरून नोंदी काढल्या, किलोमीटर टप्प्याटप्प्याने वाढलेत, मध्ये कुठे उडी किंवा घसरण नाही. मालक रोज नेरूळ–बीकेसी करायचे, म्हणून रनिंग. बेल्ट, रूळ, स्टेपनीचा खड्डा, सगळं कोरडं आणि स्वच्छ. ब्रेकचा पंप एकदाच वाजला.

जाळी मात्र बघण्यासारखी होती. दादांनी मागच्या सीटखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर आतल्या फिल्टरवर राखाडी रंगाचा जाड थर बसलेला, नखाने उचलला तर सलग कापडासारखा निघून आला. त्यांच्याकडे कुत्रा आहे. सर्व्हिसच्या एकाही बिलात या फिल्टरचा उल्लेख नव्हता.

पारसिक हिलवर चढताना सतरापैकी मधले दोन ब्लॉक किंचित मागे पडत होते, फरक अर्ध्या व्होल्टच्या आत. कोड काही नाही, मॉनिटर सगळे पूर्ण. चारही डिस्कना कडेने गंज आहे. ट्रान्सॲक्सलचं (मोटर आणि गिअर एकत्र असलेल्या भागाचं) ऑइल कधीच बदललेलं नाही.

वागळेचा_वायरमन
डिस्कचं टेन्शन घेऊ नका. हायब्रिडमध्ये पॅड कमी घासतात, पावसाळ्यात गंज धरतो. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना मात्र काढून ग्रीस करून घ्या, त्या अडकल्या की एका बाजूचा पॅड आधी संपतो. ट्रान्सॲक्सलचं ऑइल टोयोटाचं डब्ल्यूएसच टाकायचं. कंपनी 'बदलायची गरज नाही' म्हणते ते कागदावर, दीड लाखाला बदललेलं चांगलं. मोटरची वेटोळी त्याच तेलात थंड होतात.

तुर्भे_इन्व्हर्टर
ते दोन ब्लॉक मधलेच आहेत म्हणजे तुंबलेल्या जाळीचा परिणाम स्पष्ट दिसतोय. फिल्टर आणि पंखा साफ करून आठवड्याने तोच चढ, तशाच उन्हात, परत बघा. फरक वाढला नाही तर मी घेईन. मागे पडलेले सेल साफसफाईने बरे होणार नाहीत, पुढची झीज मंदावेल इतकंच. त्यामुळे किंमत ठरवताना पॅक अर्धा वापरलेला धरा आणि कोटेशनचा कागद समोर ठेवून बोला.

घोडबंदरकर
आज परत जाऊन आलो. मालकांनी स्वतःच्या खर्चाने पंखा उतरवून साफ करून घेतला होता. फरक तितकाच आहे, वाढलेला नाही, आणि मागे बसलेल्या बायकोला पंख्याचा आवाज आला नाही. पॅकचं कोटेशन दाखवल्यावर सव्वासोळावर ठरलं, टोकन दिलं. कागदपत्रांचं कुणी सांगेल का? गाडीवर कर्ज होतं, ते फिटलंय म्हणतात.

कळव्याचे_काका
मी सांगतो. अभिनंदन.

फिटलंय म्हणून चालत नाही, आरसीवरून बँकेचं नाव उतरायला हवं. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. परिवहनच्या साइटवर हायपोथिकेशनच्या (गाडीवरच्या कर्जाच्या नोंदीच्या) जागी काही दिसत नाही हे बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं मालकाकडून भरून घ्या. सायन–पनवेल महामार्गावर रोज ये-जा केलेल्या गाडीवर वेगाची चलनं असणारच. राज्यातल्या राज्यात नंबर एमएच-४३च राहील, रोड टॅक्स परत भरावा लागत नाही. (दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून आणणाऱ्यांना फॉर्म २८ची एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर, तिन्ही लागतात. तो खर्च धरला की स्वस्ताई बरीच उतरते.)

गाडी फेब्रुवारी २०१९ची आहे, म्हणजे १ एप्रिल २०१९च्या आधीची. तिला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीतून आलेली नाही. बसवली नसेल तर ट्रान्सफरच्या आधी मालकाच्या नावावरच बसवून घ्या. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तुमच्या जुन्या गाडीचा तुम्हाला वापरता येतो, त्यासाठी जुनी गाडी विकल्यावर कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. फास्टॅग त्यांचा बंद करून तुमचा नवा लावा. ऐरोलीचा टोल ऑक्टोबर २०२४पासून छोट्या गाड्यांना माफ असला तरी एक्सप्रेसवेवर लागेलच.

घोडबंदरकर
काका, नंबर प्लेट बसवलेली नाही. उद्याच मालकांना बुकिंग करायला सांगतो. बँकेची एनओसी पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणतात, तोपर्यंत बाकीचे पैसे थांबवले आहेत.

कळव्याचे_काका
बरोबर केलंत. एनओसीवरची तारीख बघून घ्या, तीन महिन्यांच्या आत ती आरटीओत दिली पाहिजे. मालकांकडे जुनी पडून असेल तर बँकेतून नवी आणायला सांगा.